राखीव विमान परतलं नाही

७ सप्टेंबर १९६५च्या पहाटे पंजाबातल्या आदमपूर तळावरून वायुसेनेच्या १ नंबर स्क्वाड्रनची मिस्टेर विमानं सरगोध्यावर हल्ला करायला निघाली. आदल्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोट तळावर उभी असलेली आपली विमानं जाळली होती. सरगोधा हा पाकिस्तानी हवाई दलाचा सर्वांत मोठा तळ, म्हणून उत्तर तिथेच द्यायचं ठरलं. नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांचं. ठरलेली विमानं बारा. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या या बारांत नव्हते, त्यांचं विमान राखीव होतं. ऐन वेळी एक विमान गळालं आणि देवय्या त्या जागी गेले. मूळचे कोडगूचे, वय ३२, वायुसेनेत १९५४ पासून, नव्या मुलांना उडायला शिकवणारे प्रशिक्षक. हल्ला झाला, विमानं माघारी फिरली, देवय्या आदमपूरला उतरले नाहीत.

सोबतच्यांपैकी कुणी त्यांना पडताना पाहिलं नव्हतं. नोंद झाली ती बेपत्ता अशी. महावीर चक्र जाहीर झालं १९८८ साली, म्हणजे २३ वर्षांनी. मधल्या काळात त्यांच्या विमानाचं काय झालं याचं खात्रीचं उत्तर आपल्याकडे नव्हतं. प्रकरणाचा गाभा आमच्या मते असा की माहिती होती, पण ती तीन हातांत वाटली गेली होती: सोबत उडणारे वैमानिक, समोरून लढलेला वैमानिक, आणि ज्या वावरात विमान पडलं तिथले शेतकरी. हे तिघे एकमेकांशी बोलू शकत नव्हते.

विदर्भातल्या गावोगावच्या अभ्यासिकांत वायुसेना भरतीची तयारी करणारी मुलं असतात. त्यांच्यासमोर हे प्रकरण मांडायचं तर नकाशा आपलाच घ्यावा. पंजाबचा नकाशा बघून अंतर अंगात भिनत नाही.

नागपूर ते बुलढाणा, झाडांच्या शेंड्यांवरून

आदमपूर ते सरगोधा हे सरळ रेषेतलं अंतर ३०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि दिशा पश्चिमेची. नागपूरपासून बुलढाण्यापर्यंत सरळ रेघ ओढली तर ती साधारण ३१० किलोमीटर भरते, तीही पश्चिमेकडेच. ही रेघ आर्वी, मूर्तिजापूर, अकोला या गावांच्या जवळपास डोक्यावरूनच जाते आणि खामगावला उजवीकडे ठेवून बुलढाण्याला पोचते. मिनिटाला १३ किलोमीटर वेग धरा. सातव्या मिनिटाला आर्वी, चौदाव्याला मूर्तिजापूर, सतराव्याला अकोला, चोविसाव्याला बुलढाणा. एसटीने अख्खा दिवस खाणारा प्रवास चहा उकळून गार होईपर्यंत संपतो.

हे सगळं पन्नास-साठ मीटर उंचीवरून, कारण वर गेलं की शत्रूच्या रडारला दिसतं. इतक्या खालून खुणा दिसतात आणि ओळखण्याआधी मागे पडतात. नदी, रेल्वेरूळ, टाकी, सगळ्याला एखादा सेकंद मिळतो. म्हणून वैमानिक घड्याळ आणि होकायंत्रावर उडतो: अमुक दिशेला अमुक मिनिटं. दिशेत दोन अंशांची चूक झाली तर ३०० किलोमीटरवर ती साडेदहा किलोमीटर होते. बुलढाण्यावर जायचं विमान शेजारच्याच एखाद्या गावाच्या गावठाणावर पोचतं. त्यात पहाटेचा अंधार, रेडिओ बंद. चार-चारांच्या तुकड्या एकामागून एक जाणार असल्या की मागच्याला पुढच्याचा ठिपका दिसला तर दिसला.

परतीचं गणित आणखी कठीण. माघारी निघालेलं विमान पूर्वेला, म्हणजे उजाडत्या आभाळाकडे तोंड करून पळतं. मागे धूर. त्या काळच्या लढाऊ विमानातून थेट मागचं नीट दिसत नसे. प्रत्येकाचं लक्ष समोरच्या जमिनीवर, तेलाच्या काट्यावर आणि स्वतःच्या शेपटीमागे कुणी आहे का यावर. अशा वेळी सर्वांत मागच्या माणसावर हल्ला झाला तर पुढच्यांना कळत नाही, आणि शत्रू मागूनच येत असल्याने हल्ला बहुधा मागच्यावरच होतो. सोबत्यांनी पाहिलं नाही यात त्यांचा दोष काढू नये. पाहण्यासारखी जागाच त्यांच्याकडे नव्हती.

समोर कोण होतं

देवय्यांच्या मागे लागलं ते एफ-१०४ स्टारफायटर, वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन. कागदावर ही झुंज एकतर्फी आहे. मिस्टेर ४-ए हे फ्रान्सच्या दासोचं विमान, पहिलं उड्डाण १९५२ सालचं, समुद्रसपाटीला ताशी १,१०० किलोमीटरच्या घरातलं. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाचं. पंखांची रुंदी बघा: मिस्टेरचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटरच्या वर, स्टारफायटरचे जेमतेम साडेसहा मीटर, आणि तेही मिस्टेरपेक्षा लांब धडावर लावलेले.

मुलं इथे लगेच निकाल देतात की जोरात पळणारा जिंकणार. हा गैरसमज मोडायला पटांगण, सुतळी आणि चुन्याची पिशवी एवढंच सामान लागतं.

विमानाच्या वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ९०० किलोमीटर वेगात पाच जीचं वळण घेतलं, म्हणजे वैमानिकाला स्वतःचं वजन पाचपट जाणवेल इतकं घट्ट, तर त्रिज्या १,३०० मीटर येते. तेच वळण ६५० किलोमीटर वेगात घेतलं तर सुमारे ६८० मीटर. शंभराला एक असं प्रमाण घ्या. १३ मीटरची सुतळी, ६.८ मीटरची सुतळी, आणि दोन खुंट्या.

नेहमी होणारी चूक अशी की मुलं दोन्ही गोल एकाच खुंटीभोवती आखतात, एकात एक, बैलगाडीच्या चाकासारखे. तसं आखलं तर काहीच कळत नाही. दोन्ही विमानं एकाच जागेवरून एकाच दिशेला निघाली आहेत असं धरा. आधी तो बिंदू चुन्याने ठळक करा, तिथून सरळ रेघ मारा, मग त्या रेघेला काटकोनात एका बाजूला ६.८ मीटरवर एक खुंटी आणि त्याच बाजूला १३ मीटरवर दुसरी खुंटी ठोका. आता गोल आखले की दोन्ही त्या एकाच बिंदूवर चिकटतात आणि लहान गोल मोठ्याच्या पोटात बसतो. दोन मुलांना त्या बिंदूवर उभं करा. मोठ्या गोलावरच्याने सेकंदाला अडीच पावलं टाकायची, लहान गोलावरच्याने १.८. घाईत मोजता येत नसेल तर दहा सेकंदांत पंचवीस आणि अठरा. लहान गोलावरचा मुलगा सावकाश चालूनही आधी वळून येतो, आणि मोठ्या गोलावरच्याचा पाव गोलाहून जास्त तेव्हाही बाकी असतो. हे एकदा चालून पाहिलेलं मूल पुन्हा सूत्र विसरत नाही. (सुतळी ताणलेली हवी. ढिली सुतळी धरली की गोल अंडाकृती होतो आणि मग दोष गणिताला दिला जातो.)

स्टारफायटर वेगात येऊन मारून निघून जाण्यासाठी बांधलेलं होतं. त्याने तसंच केलं. पहिल्या झपाट्यात त्याच्या २० मिलिमीटरच्या तोफेने मिस्टेरला गाठलं. ती सहा नळ्यांची तोफ मिनिटाला चार हजारांहून जास्त गोळे टाकणारी. मिस्टेर संपलं असं समजून स्टारफायटर पुढे गेलं. मिस्टेर संपलेलं नव्हतं.

ते का टिकलं असावं याचं एक उत्तर इंजिनात आहे. मिस्टेरच्या वेर्दों इंजिनात हवा दाबायला एक जाड, दोन्ही बाजूंनी पाती असलेली चकती असते. हवा मधून घेते, कडेने फेकते, विहिरीवरच्या पंपातल्या इंपेलरसारखी. स्टारफायटरच्या जे-७९ इंजिनात हवा दाबायला पातळ पात्यांच्या १७ ओळी एकामागे एक. अशा इंजिनात पुढचं एक पातं तुटलं की ते मागच्या ओळी सोलत जातं. जाड चकतीला एखादा तुकडा लागला तर ती खरचटून फिरत राहू शकते. जुनं, जड इंजिन या एका बाबतीत भाग्याचं.

त्यानंतर जे झालं ते तिकडच्या बाजूने सांगितलं गेलं आहे. जखमी मिस्टेर पळून गेलं नाही. ते स्टारफायटरवर वळलं. वळणाच्या लढाईत स्टारफायटरचा वेग गेला, मिस्टेरच्या ३० मिलिमीटरच्या तोफा लागल्या, आणि अमजद हुसेन यांना जमिनीलगतच विमान सोडून बाहेर उडी घ्यावी लागली. ते वाचले. देवय्यांचं मिस्टेर सीमेपर्यंत पोचलं नाही.

मिस्टेरवर ३० मिलिमीटरच्या दोन देफा तोफा असत, प्रत्येकीला १५० गोळे. एक गोळा हातात धरला तर वीतभर लांब, वजनाने अर्ध्या किलोच्या आतबाहेर. पुलगावच्या दारूगोळा भांडारामुळे वर्धा जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत हे आकार ओळखीचे आहेत. दीडशे गोळे मिनिटाला बाराशेच्या गतीने साडेसात सेकंदांत संपतात. म्हणून घोडा दाबायचा तो अर्धा-एक सेकंदच. त्यात दोन्ही तोफांचे मिळून वीस ते चाळीस गोळे जातात, आणि २० मिलिमीटरच्या मानाने स्फोटक कितीतरी जास्त असल्यामुळे दोन-चार लागले तरी पुरतात.

तेलाचा हिशेब

या प्रकरणावर बोलताना शौर्याचा उल्लेख सगळे करतात, तेलाचा फार थोडे करतात. आम्हाला तेलाचा हिशेब जास्त बोलका वाटतो. खाली उडताना जेट इंजिन वरच्यापेक्षा फार जास्त तेल पितं, आणि लढाईत थ्रॉटल पूर्ण पुढे असतो. सरगोध्याहून आदमपूर ३०० किलोमीटर. मिस्टेरला आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या झोतात जादा तेल जाळून जोर वाढवणारी सोय) नव्हता, पण परतीसाठी मोजून ठेवलेल्या तेलातूनच लढाईचं तेल जाणार होतं. झुंजीत गेलेलं प्रत्येक मिनिट म्हणजे परतीच्या वाटेवरचे तेरा किलोमीटर कमी. आपल्या नकाशावर सांगायचं तर पाच मिनिटं बुलढाण्याजवळ लढलेल्या वैमानिकाने नागपूर सोडूनच द्यायचं, त्याचं तेल आर्वीच्या थोडं पुढेच संपतं. वर विमानाला भोकं. टाकी किंवा नळी फुटली असेल तर हिशेब आणखी तोकडा.

हे गणित देवय्या रोज विद्यार्थ्यांना शिकवत होते. वळताना ते त्यांच्यासमोर होतंच. दुसरा रस्ताही होता, सरळ पूर्वेला पळण्याचा. पण जास्त वेगाच्या विमानापुढे सरळ रेषेत पळणं म्हणजे त्याला हवी तीच लढाई देणं. त्याला अडकवून ठेवलं तर पुढे गेलेल्या सोबत्यांच्या मागे तो जाऊ शकत नव्हता.

जमीन काय सांगते

विमान जमिनीवर पडल्यावर सर्वांत आधी पोचतो तो शेतकरी. देवय्यांच्या बाबतीतही तिकडच्या गावकऱ्यांना मृतदेह मिळाला आणि त्यांनी तो शेतातच पुरला, असं पुढे तिकडूनच कळलं. त्या माणसांना विमान कोणतं, वैमानिक कोण हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण तपासाच्या दृष्टीने तेच पहिले साक्षीदार.

पडलेल्या लढाऊ विमानाची जागा वाचायची कशी, हे आपल्या मातीवर समजून घ्यावं. विमान तिरकं, जमिनीलगत घसरत आलं असेल तर तुकडे लांबच लांब पट्ट्यात सापडतात, दोन-तीन वावरं ओलांडून. उभं कोसळलं असेल तर इंजिन आणि तोफा खोल जातात आणि वर फक्त खड्डा दिसतो. काळ्या मातीत तो खड्डा पहिल्याच पावसाळ्यात मिटतो. उन्हाळ्यात तीच माती हातभर खोल भेगाळते आणि लहान तुकडे भेगांतून खाली जातात, ओलाव्याने फुगली की काही वर्षांनी काही वर येतात. डवऱ्याला किंवा वखराच्या पासेला काहीतरी खणकन लागतं ते असं.

टिकतं काय? इंजिनाचा गाभा, तोफेच्या नळ्या, चाकांचे जाड पोलादी पाय, आणि क्रमांक ठोकलेल्या छोट्या पट्ट्या. पत्रा ॲल्युमिनियमचा, ६६० अंशांना वितळतो. जो उरतो तो भंगारात जातो, आणि त्याबरोबर पुरावाही. इंजिनाची पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकलेली असतील तर आदळताना इंजिन चालू होतं. पाती सरळ किंवा नुसती चेपलेली असतील तर ते आधीच बंद पडलं होतं. तोफेच्या पेटीत न उडालेले गोळे किती उरलेत यावरून वैमानिकाने मारा केला होता की नाही हे ठरतं, आणि देवय्यांसारख्या प्रकरणात सगळा प्रश्न तेवढाच असतो. आगीच्या जागी माती विटेसारखी लाल भाजलेली मिळाली तर टाकीत तेल होतं. पडल्यावर आगच लागली नसेल तर टाकी कोरडी असण्याचा विचार करावा लागतो.

विदर्भाला या गोष्टीचा ताजा अनुभव आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळत जाणारी रांग नागपूर-चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांनी पाहिली, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची मोठी कडी पडली, व्यास तीन मीटरच्या आसपास. चिनी रॉकेटचा तो अवशेष असल्याचं अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी ओळखलं. कडीभोवती गर्दी जमली, लोकांनी हात लावले. ही उत्सुकता स्वाभाविक आहे, पण रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो आणि लढाऊ विमानाच्या सांगाड्यात न फुटलेले गोळे असतात. वैमानिकाच्या आसनाखाली त्याला बाहेर फेकणारी दारू असते, ती न उडालेली असेल तर वर्षानुवर्षं धोक्याची राहते.

असं काही वावरात सापडलं तर हलवू नये. चारी बाजूंना तुराट्या रोवून त्यांना फडकं बांधावं, गुरं-पोरं दूर ठेवावीत. फोटो काढताना बाजूला मापाची वस्तू दिसली पाहिजे, पण ती लांबूनच: विळा, पाण्याचा गुंड, चप्पल. जागा लिहून ठेवताना धुऱ्यापासून किती पावलं, विहिरीपासून किती, निंबाच्या कोणत्या बाजूला, असं दोन पक्क्या खुणांपासून मोजावं. एकाच खुणेपासून मोजलं तर दहा वर्षांनी जागा सापडत नाही. मग पोलीस पाटलाला कळवावं. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे.

अर्धा तास

अर्धा तास म्हटलं की एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण जुन्या लढायांचा अभ्यास करणारे इथे हमखास अडतात. पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा ३० मिनिटं मागे असतं, १९६५ मध्येही तसंच होतं. तिकडच्या नोंदीत ५:३० लिहिलेली घटना आपल्या नोंदीत ६:०० ची असते. हल्ल्याच्या वेळा अशा प्रकरणात मिनिटांत मोजायच्या असतात. अर्ध्या तासाचा फरक विसरला तर एकच झुंज दोन वेगळ्या झुंजी वाटतात, किंवा वेळ जुळत नाही म्हणून खरी साक्ष बाद होते.

मुलांना आम्ही तीन रकान्यांचा कागद करायला सांगतो: आपल्या वैमानिकांनी पाहिलेलं, समोरच्यांनी नोंदवलेलं, जमिनीवर सापडलेलं. डाव्या कडेला भारतीय वेळ. तिकडची प्रत्येक वेळ अर्धा तास वाढवूनच उतरवायची. देवय्यांच्या प्रकरणात १९६५ साली पहिला रकाना जवळजवळ कोराच होता. दुसरा भरला १९७९ साली, जेव्हा ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांचं पाकिस्तानी हवाई दलाशी बोलून लिहिलेलं पुस्तक आलं. स्टारफायटर एका मिस्टेरशी लढताना गमावलं हे त्यात होतं. त्या पहाटे तिकडून परत न आलेल्या मिस्टेरचा वैमानिक कोण, हे ओळखायला मग फार शोधावं लागलं नाही. तनेजांनी पाठपुरावा केला, वायुसेनेने कागद पुन्हा तपासले, आणि १९८८ मध्ये महावीर चक्र देवय्यांच्या पत्नीने स्वीकारलं. १९७९ ते १९८८ ही नऊ वर्षं आम्हाला खटकतात. सरहद्दीपलीकडची साक्ष आल्यावरही कागद हलायला इतका वेळ लागायला नको होता.

"बेपत्ता" या शब्दाचं वजन घरच्यांना कळतं. सात वर्षं माणसाची खबर नसली की तो हयात असल्याचं सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर पडतो, असं आपला पुराव्याचा कायदा सांगतो. सैन्यदलं स्वतःच्या चौकशीनंतर त्याआधीही मृत्यू गृहीत धरू शकतात. पण गावात सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची तर तलाठी मृत्यूचा कागद मागतो, आणि घरातली आई तो कागद आणायला तयार नसते, कारण आणला म्हणजे आपणच कबूल केल्यासारखं होतं. अशा घराबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणाऱ्याने घाई करू नये. अर्ज भरून ठेवावा, सही पुढच्या खेपेला घ्यावी.

कागदाचे तीनही रकाने भरून झाले तरी एक ओळ राहते. स्टारफायटर कोसळल्यापासून मिस्टेर जमिनीला लागेपर्यंतची. अमजद हुसेन तेव्हा पॅराशूटला लटकलेले किंवा जमिनीवर होते, सोबती पूर्वेला निघून गेले होते, शेतकरी नंतर पोचले. त्या ओळीत मुलं अंदाजाने काहीबाही लिहायला जातात: इंजिन बंद पडलं, तेल संपलं, सीमेकडे वळले. ती चौकट कोरी ठेवायची, पेन्सिलनेसुद्धा लिहायचं नाही.